प्रकल्प नोंदी: घरच्या सोयाबीन बियाण्याचा कोर्स, उद्दिष्टं नव्याने लिहिताना

३ एप्रिल २०२४

बियाण्याच्या कोर्सची फाईल आज परत काढली. औसा तालुक्यातल्या बचत गटांच्या बायकांसाठी आहे हा कोर्स, तीन दिवस, रोज तीन तास, घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर ते तपासायचं कसं, त्याला औषध लावायचं कसं आणि एकरी किती घ्यायचं. मागच्या वर्षी तीन गावांत घेतला, सगळ्यांना आवडला, शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतले त्यात सगळीकडे "छान माहिती मिळाली". मग जूनमध्ये त्यातल्याच एका गावात घरोघर गेले तेव्हा कळलं की अकरा घरांपैकी दोनच घरांनी पेरायच्या आधी बियाणं तपासलं होतं. बाकीच्यांना तपासणी म्हणजे काय हे नीट सांगता येत होतं, पण केली नव्हती कुणी.

हे वर्षभर डोक्यात होतं. आज पहिलं पान वाचलं आणि कारण तिथंच दिसलं. अकरा उद्दिष्टं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट "समजेल", "माहिती होईल", "महत्त्व पटेल", "जाणीव निर्माण होईल" असा. आपण जे लिहिलं तेच घडलं ना मग. माहिती झाली, महत्त्व पटलं, आणि बी न तपासता जमिनीत गेलं.

या वेळी स्लाइडला हात लावायच्या आधी हे पान पूर्ण नवं लिहायचं असं ठरवलंय.

६ एप्रिल

ध्येय आणि उद्दिष्ट यांची मागच्या वर्षी सरमिसळ झाली होती, आज ते आधी वेगळं केलं. ध्येय म्हणजे हा कोर्स कशासाठी, कोर्स संपल्यावर गावात काय बदललेलं असावं, ते एकच आणि मोठं, आणि ते तीन दिवसांत आपल्या डोळ्यासमोर घडणारही नसतं. उद्दिष्ट म्हणजे बाई आपल्या समोर असताना काय करून दाखवेल. ध्येय जूनमध्ये शेतावर कळतं, उद्दिष्ट वर्गातच कळायला पाहिजे.

ध्येय असं लिहिलं: गटातल्या प्रत्येक घराने यंदा पेरणीआधी आपलं बियाणं तपासलेलं असावं आणि आलेल्या आकड्यावरून एकरी बियाणं ठरवलेलं असावं.

"सोयाबीनची उत्पादकता वाढवणे" असं पहिल्यांदा लिहिलं होतं, ते खोडलं. उत्पादकता पावसावर आहे, खोडमाशीवर आहे, भावावरही आहे कारण भाव पडला की माणूस खत कमी टाकतो. आमच्या नऊ तासांच्या कोर्सने ती वाढली असं म्हणायला मला काहीच आधार नाही.

१० एप्रिल

काल पाडवा. आज दिवसभर क्रियापदं.

बी.एड.ला पाठाच्या टाचणात उद्दिष्टं आणि त्याखाली स्पष्टीकरणं लिहायचो ते आठवलं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि खाली "विद्यार्थी फरक सांगतो, वर्गीकरण करतो, कारणे देतो". तेव्हा ते घोकून लिहिलं, एकाचं बघून दुसऱ्याने. पण त्यामागचा विचार पक्का आहे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ही मांडणी केली, २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती सुधारली, तेव्हा नामांची क्रियापदं झाली: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. मला यातला एकच भाग आत्ता कामाचा वाटतो तो म्हणजे "समजणे" हे पायरीचं नाव आहे, ते उद्दिष्टाच्या वाक्यात टाकायचं नाही. समजलं हे कशावरून ओळखायचं, ते वाक्यात यायला पाहिजे. फरक सांगितला, उदाहरण दिलं, स्वतःच्या शब्दांत बोलली, चुकीचं होतं ते बाजूला काढलं.

आणखी एक गैरसमज माझ्याही मनात होता की वरच्या पायरीचं क्रियापद म्हणजे चांगलं उद्दिष्ट. तसं काही नाही. औषध लावताना हातमोजे घालणं यात विश्लेषण बिश्लेषण काही नाही, पण ते नाही जमलं तर बाकी सगळं जमून उपयोग नाही.

रॉबर्ट मेगर यांचं १९६२ चं पुस्तक आहे याच विषयावर, त्यातली तीन अंगांची गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडते. एक, काय करेल. दोन, कुठल्या परिस्थितीत, म्हणजे हातात काय असेल आणि काय नसेल. तीन, किती चांगलं केलं म्हणजे झालं म्हणायचं. आमच्या जुन्या अकरांत पहिलंच नव्हतं, तर दुसरं तिसरं कुठून येणार.

हाताच्या कामासाठी आर. एच. दवे यांच्या पायऱ्या बघितल्या, १९७० च्या. झेडपीच्या जुन्या शिक्षकांना दवे हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं, किमान अध्ययन क्षमतांची जी समिती होती तिचे ते अध्यक्ष. हातकामाच्या त्यांच्या पायऱ्या साध्या आहेत, आधी बघून तसंच करणं, मग सांगितल्यावर न बघता करणं, मग अचूक करणं, आणि त्यापुढे दोन. तीन दिवसांत आम्हाला अचूकपर्यंत जायचंय, तेही एकाच कामात.

१५ एप्रिल

कृषी सहायक साहेबांसोबत दोन तास बसले. माणूस मनापासून काम करणारा, पण त्यांची यादी माझ्यापेक्षा लांब. जमिनीची निवड, वाण, आंतरपीक, तणनाशक, चक्रीभुंगा, सगळंच बायकांना कळायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. चूक नाही ते. मी त्यांना एवढंच विचारलं की साहेब, तीन दिवसांनी तुम्ही त्यांची परीक्षा घेणार असाल आणि एकच गोष्ट करायला लावायची असेल तर काय कराल. ते म्हणाले, शंभर दाणे मोजून द्या म्हणेन, आणि आठ दिवसांनी किती उगवले ते सांगा म्हणेन. मी म्हटलं मग तेच लिहू.

अकराची पाच केली. तण, कीड, आंतरपीक गेलं. वाईट वाटलं, चक्रीभुंग्याचे फोटो मी स्वतः शेतात जाऊन काढले होते. ते वेगळ्या दिवसासाठी ठेवलेत.

१९ एप्रिल

उद्दिष्टं टेबलावर बसून लिहिली की ती टेबलासारखीच होतात, म्हणून आज एका काकूंच्या घरी गेले आणि त्यांना म्हटलं तुम्ही करा, मी फक्त बघते. त्या मागच्या वर्षी कोर्सला होत्या.

काकूंनी कोठीतलं पोतं ओढलं, तोंड सोडलं, वरूनच ओंजळभर घेतलं, परातीत पसरलं आणि मग एकेक दाणा निवडायला लागल्या. भरलेला, गोल, पिवळाधमक तेवढा घ्यायचा, सुरकुतलेला, फुटका, हिरवट बाजूला. डाळ निवडावी तसं. हात इतका सवयीचा की त्यांना आपण काही वेगळं करतोय असं वाटलंच नाही. शंभर दाणे झाले, एकसारखे, सुंदर. आणि ते शंभर म्हणजे पोतं नव्हतंच. पेरताना तिफणीत पोतं जाणार आहे, निवडलेले शंभर नाही जाणार.

माझ्या मसुद्यात होतं "शंभर दाणे घेऊन चाचणी लावते". हे उद्दिष्ट काकूंनी पूर्ण केलं आणि चाचणी वाया गेली. तिथंच वहीत बदललं: "पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ काढून, एकत्र करून, न निवडता शंभर दाणे मोजते." न निवडता हे दोन शब्द आता या कोर्सचे सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत असं मला वाटतंय.

मग त्यांच्याकडून परत करून घेतलं. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला केला, दहाच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटभर अंतर, वरून दुसरा ओला तुकडा, आणि सैल वळकटी. ऊन चाळीसच्या वर, त्यामुळं वळकटी माठाच्या शेजारी गारव्याला ठेवली, सकाळ संध्याकाळ पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडू.

२६ एप्रिल

उघडली. काकू म्हणाल्या ७८. मी मोजले ते ६४.

दोघींनी परत मोजलं, तेच. मग एकेक दाणा पुढे घेऊन बसलो. त्यांनी जे मोड आलेले धरले त्यातले काही नुसते फुगून साल फाटलेले होते. काहींच्या दोन डाळिंब्या उघडल्या होत्या पण मूळच नाही. चार दाण्यांचं मूळ टोकाला काळं पडून थांबलेलं, तीनांवर बुरशी होती आणि हात लावला की लिबलिबीत. काकूंचं म्हणणं, फुटलंय ना ते, जीव आहे त्यात. बरोबर आहे त्यांचं, मटकीला मोड आणताना आपण असंच बघतो, पांढरं टोक दिसलं की झालं. पण जमिनीत दोन बोटं खालून वर यायचंय त्याला, पावसाने वरची माती बसली तर ती फोडून यायचंय, त्यासाठी सरळ धड मूळ पाहिजे आणि डाळिंब्या शाबूत पाहिजेत. सोयाबीनची साल पातळ, पोतं उंचावरून आदळलं तरी आत इजा होते आणि वरून दाणा चांगला दिसतो. ती इजा इथं, या गोणपाटावर दिसते.

७८ आणि ६४ मध्ये काय फरक पडतो तर सगळाच. ७० टक्के किंवा जास्त उगवण असेल तर एकरी ३० किलो. त्याच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो जास्त. ६४ म्हणजे ३३ किलो. काकूंनी ७८ धरून ३० पेरलं असतं, रान विरळ उगवलं असतं आणि दोष बियाण्याला नाहीतर पावसाला गेला असता. तपासूनही.

म्हणजे मागच्या वर्षी ज्या दोन घरांनी तपासलं त्यांचा आकडा तरी बरोबर होता का, मला आता खात्री नाही. हे लिहिताना खरंच जड जातंय.

"उगवलेले दाणे मोजते" हे उद्दिष्ट मोडलं, दोन केली. एक: उघडलेल्या वळकटीतले दाणे चांगला कोंब, वाईट कोंब आणि न उगवलेला अशा तीन ढिगांत लावते आणि वाईट का ते प्रत्येकाचं एक कारण सांगते. दोन: चांगले मोजून आकडा सांगते, आणि तोच गोणपाट दुसरीने मोजला तर दोघींच्या आकड्यात पाचपेक्षा जास्त फरक येत नाही. हे पाच आम्हीच ठरवलंय, पाच टक्के म्हणजे एकरी अडीच किलोचा फरक, त्याच्या पुढे सोडून देणं मला बरोबर वाटत नाही.

३० एप्रिल

हिशेबाचं उद्दिष्ट. आधी लिहिलं होतं "सूत्र वापरून एकरी बियाणे काढते": तीस गुणिले सत्तर भागिले आलेली उगवण. गटाच्या अध्यक्ष ताईंना दाखवलं, त्यांनी ते कागदावर पाच मिनिटांत केलं, दहावी झालेल्या आहेत त्या. शेजारच्या मावशींना पेन धरायचाच संकोच. पण मावशींना म्हटलं सत्तरला तीस किलो, एक कमी झाला की अर्धा किलो वाढवायचा, तर बासष्टला किती, तर त्या पाठोपाठ म्हणाल्या चौतीस. गटाचं व्याज तोंडी काढणारी बाई ती.

सूत्राचं मला कशाला पाहिजे होतं? ते बाई कुठं वापरणार? ती कोठीच्या उंबऱ्यात उभी राहून, हातात काही नसताना, घरच्यांना आकडा सांगणार आहे. मग परिस्थितीही तीच लिहायची: "कागद पेन्सिलीशिवाय, ६० ते ७० मधल्या कुठल्याही आकड्याला एकरी किती किलो ते तोंडी सांगते. सहा विचारले तर पाच बरोबर." सूत्र पुस्तिकेत ठेवलंय, ज्यांना हवं त्यांच्यासाठी.

साठच्या खाली आलं तर ते बी पेरायचं नाही. हे सांगायला सोपं. पण मावशींनीच विचारलं, आकडा मी काढीन, पण पेरायचं का नाही ते मालक ठरवतात, मी म्हणलेलं कोण ऐकतंय. खूप वेळ यावर काही बोलता आलं नाही मला. आमच्या सगळ्या उद्दिष्टांत बाई एकटी होती, पोतं आणि ती. घर नव्हतंच कुठं.

"आत्मविश्वास वाढेल" हे वाक्य हाताशी तयार होतं, ते लिहायचं नाही असं ठरवलं. त्याऐवजी: "घरातल्या एका माणसासमोर वळकटी उघडते, वाईट कोंब दाखवते, आकडा आणि निर्णय सांगते." वर्गात आधी एकमेकींसमोर सराव, एक बाई मालक होणार, आणि तो मालक ऐकणारा नको, "इतकी वर्षं पेरतोय की" म्हणणारा पाहिजे.

४ मे

उद्दिष्टांनी आज वेळापत्रकच मोडलं. चाचणी लावणे आणि मोजणे ही दोन्ही कामं तीच बाई करणार असेल तर मध्ये सात दिवस पाहिजेत. सलग तीन दिवसांचा कोर्स मग होऊच शकत नाही. मागच्या वर्षी आम्ही आधीच उगवून आणलेली वळकटी दाखवायचो, म्हणजे "बघितलं" एवढंच व्हायचं. इतकी साधी गोष्ट गेल्या वर्षी कुणाच्याच लक्षात आली नाही, कारण "माहिती होईल"ला सलग तीन दिवस पुरतात.

आता पहिला दिवस: नमुना काढणे, वळकटी लावणे, ती घरी न्यायची. मध्ये सात दिवस. दुसरा दिवस: मोजणी, हिशेब. लगेच तिसरा दिवस: बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला औषध लावणं, आणि घरच्यांना सांगायचा सराव. ज्या संस्थेकडून निधी आहे त्यांच्या तक्त्यात सलग तारखा टाकायची सोय आहे आणि एका रकान्यात "जाणीव झालेल्या महिलांची संख्या" लागते. तारखांचं फोनवर बोलून मान्य झालं. रकान्यात संख्या देईन आणि खाली आमची मोजमापं वेगळी जोडेन.

जॉन बिग्ज यांनी १९९० च्या दशकात मांडलेला विचार हाच आहे, की उद्दिष्ट, शिकवताना होणारं काम आणि परीक्षा ही तिन्ही एकाच क्रियापदावर उभी पाहिजेत. उद्दिष्टात "मोजते" असेल तर वर्गात मोजायचंच आणि परीक्षेतही मोजायचंच. वाचलं होतं, पटलंही होतं, पण वेळापत्रकाला धक्का बसला तेव्हा ते खरं कळलं.

८ मे

काल मतदान, अंगणवाडी ताई आणि शाळेचे गुरुजी सगळे त्यात होते, खोलीची किल्ली आज मिळाली. पहिली बॅच १४ ला. बीजप्रक्रियेचं शेवटचं वाक्य पक्कं केलं: "हातमोजे घालून, किराणा काट्यावर औषध वजन करून, पाच किलो बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी पेरणीच्या आधी जिवाणू, या क्रमाने लावून सावलीत सुकवते." कार्बोक्झिन आणि थायरम मिश्रणाचं प्रमाण किलोला तीन ग्रॅम, म्हणजे पाच किलोला पंधरा. क्रम चुकला तर बुरशीनाशकाचा जिवाणूंना त्रास, म्हणून क्रम हा उद्दिष्टाचाच भाग आहे, टीप म्हणून खाली नको.

१४ मे

बावीसजणी. फळ्यावर उद्दिष्टं आमच्याच भाषेत लिहिली, "आज घरी जाताना तुमच्या हातात काय असेल" म्हणून. ओली वळकटी असेल, न निवडलेल्या शंभर दाण्यांची. निवडायचा मोह सगळ्यांनाच झाला. एक मावशी म्हणाल्या, फुटका दाणा मोजायचा म्हणजे जीवावर येतंय. पण मोजला.

२१ मे

एकोणीस वळकट्या आल्या. दोघी लग्नाला गेल्या होत्या तेवढ्यात गोणपाट वाळलं, आणि एकीच्या सासूबाईंनी ओला कचरा समजून उचलून टाकलं. घरात कुणाला सांगितलंच नव्हतं तिनं. घरच्यांना सांगायचं उद्दिष्ट आपण तिसऱ्या दिवसाला ठेवलंय, ते पहिल्याच दिवशी पाहिजे, वळकटी घरी नेताना.

मोजणीत एकोणीसपैकी पंधराजणींचा आकडा जोडीदारणीशी पाचच्या आत जुळला. चौघींचा नाही, आणि चौघींचाही अडलेला दाणा एकच: मूळ आहे पण आखूड, जाड, वाकडं. तीन ढीग करायला सांगितले, पण या दाण्याचा नमुना आम्ही दाखवलाच नव्हता. ते आमच्याकडून राहिलं, पुढच्या बॅचला वाईट कोंबांचा एक पूर्ण तक्ता खऱ्या दाण्यांचा करायचा.

तोंडी हिशेब, बावीसपैकी वीसजणींचे सहापैकी पाच किंवा सहाही बरोबर.

२२ मे

बीजप्रक्रिया झाली, क्रम कुणीच चुकलं नाही, वजन सगळ्यांनी केलं. हातमोजे मात्र तिघींनी मध्येच काढले, चिकट होतात म्हणून. "हातमोजे घालून" याच्या जागी "काम संपून हात धुवेपर्यंत हातमोजे न काढता" असं केलं.

मालक झालेल्या अध्यक्ष ताईंनी इतका वाद घातला की खोलीत सगळ्या गप्प झाल्या. समोरच्या बाईने शेवटी काही न बोलता गोणपाट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि एक काळं पडलेलं मूळ नखाने तोडून दाखवलं.

१६ जून

पाऊस बरा झालाय, ७५ मिलिमीटरच्या पुढं गेला म्हणून पेरण्या सुरू आहेत. नऊ घरं फिरले, तपासणी नऊही घरांत झालेली, त्यातल्या सात घरांत कोठीच्या दारावर खडूने आकडा लिहिलेला. काकूंच्या दारावर ६४ आणि त्याखाली ३३. एका घरात ५७ आलं होतं, त्यांनी ते आडतीला घातलं आणि गटातल्याच दुसऱ्या बाईकडून ७१ वालं बियाणं घेतलं. सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळं घरचं एकमेकांचं चालतं.

उरलेल्या दोन घरांत वळकटी लावलेली, मोजलेली, आणि पेरताना सरसकट तीसच घेतलं. दोन्हीकडे पेरणी ट्रॅक्टरवाल्याने केली, पेरणी यंत्राचं सेटिंग त्याच्या हातात. त्याला आकडा सांगायचा हे कुठल्याच उद्दिष्टात नाही. पुढच्या बॅचच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "पेरणी करणाऱ्याला, यंत्र सुरू व्हायच्या आधी, एकरी किती किलो सोडायचं ते सांगते आणि पहिल्या तासाला, म्हणजे ओळीला, खाली बसून पडलेले दाणे बघते." तासात फूटभर अंतरात किती दाणे दिसले पाहिजेत ते कृषी सहायक साहेबांना विचारायचंय, ते सोमवारी तालुक्याला आहेत.